बारा वर्षांच्या पिचरची कारकीर्द

माझ्या मुलाची बेसबॉलमधली कारकीर्द तो आठ वर्षांचा असताना सुरू झाली आणि बारा वर्षांचा असताना संपली. संपली म्हणणं खरं नाही. मी संपवली.

तो पिचर होता. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला सांगायचं तर पिचर म्हणजे गोलंदाज. पण तो धावत येत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहतो आणि टप्पा न पाडता चेंडू थेट फेकतो. समोर बॅट घेतलेला खेळाडू, त्याच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर. कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर बोटांच्या खुणांनी सुचवतो आणि पिचर मानेनेच हो किंवा नाही म्हणतो. माझ्या मुलाचा कॅचर त्याच्याच वर्गातला एक चिनी मुलगा होता. बेटाएवढ्या या देशात, ईस्ट कोस्ट नावाच्या भागात आम्ही राहायचो त्याच काँडोच्या इमारतीत, आमच्या दोन मजले खाली. बेसबॉलचं खूळ मूळ त्याचं, आमच्या घरात ते लिफ्टने वर आलं.

मला क्रिकेट हवं होतं. शनिवारी सकाळी भारतीय मुलांसाठी कोचिंग चालायचं, तिथे मी त्याचं नाव घातलं होतं. तीन-चार शनिवार झाल्यावर तो बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, आय डोन्ट वॉन्ट. सो हॉट, अँड नोबडी गिव्ह मी द बॉल." पुढच्या शनिवारी तो मित्राबरोबर बेसबॉलला गेला. मी कुरकुरत मागून बघायला गेलो.

"अरे, कोपर वाकतंय तुझं!" मी कुंपणाबाहेरून ओरडलो. "नो-बॉल आहे हा!"

"सपोज्ड टु बेंड लाह, बाबा," तो म्हणाला. त्याचा मित्र तोंडावरची जाळी वर करून हसत सुटला. पुढे वर्षभर मी दिसलो की तो हात वर करून "नो-बॉल, अंकल!" म्हणायचा.

पण त्या हातात काहीतरी होतं, ते मलाही दिसलं. कॉलेजच्या टीममध्ये मीही गोलंदाजी केली होती, त्यामुळे मनगट ओळखता येण्याइतकी अक्कल होती. मी स्वतःसाठी कॅचरचा जाड ग्लोव्ह विकत घेतला. रविवारी सकाळी ईस्ट कोस्ट पार्कच्या गवतावर, सायकलवाल्यांपासून लांब, मी उकिडवा बसायचो आणि तो टाकायचा. पहिल्या महिन्यातच माझा डावा तळहात सुजला. बायकोने बर्फ लावत विचारलं, "उद्या बँकेत सह्या कशा करणार आहेस?"

"सही उजव्या हाताने करतात."

"मग डाव्याचं रडगाणं माझ्यापुढे कशाला?"

मुलगा शेजारी उभा राहून बर्फाकडे बघत होता. "पेनफुल, आह?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशा उमटली. दुखायला हवं होतं त्याला. मग मी "भयंकर दुखतंय" म्हणालो, तेव्हा खूश झाला. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार ते होते. तेव्हा हे मला कळत नव्हतं असंही नाही. कळत होतं.

त्याच्या कारकिर्दीतले मोठे क्षण सांगायचे म्हटले तर ते मोजकेच आहेत आणि सगळे लहान मुलांच्या सामन्यांतले. नऊ वर्षांचा असताना त्याने आपल्यापेक्षा वीतभर उंच जपानी मुलाला तीन चेंडूंत बाद केलं. तिसऱ्या चेंडूवर त्या मुलाने बॅट इतक्या जोरात फिरवली की तो स्वतःभोवती फिरून बसला. माझा मुलगा घाबरून त्याला उठवायला धावला आणि कोचने त्याला हाक मारून परत जागेवर नेलं. दहाव्या वर्षी एका सामन्यात मधेच वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा झाला. इथे भोंगा झाला की मैदान रिकामं करावं लागतं. पोरं छपराखाली तासभर बसून राहिली. हात गार पडू नये म्हणून त्याने पूर्ण वेळ उजवा हात मित्राच्या जॅकेटमध्ये खुपसून ठेवला आणि दोघं एका जॅकेटमध्ये अडकून डुलक्या काढत होते. भोंगा थांबल्यावर त्याने उरलेला सामना टाकून काढला. आणि बाराव्या वर्षी, प्रायमरी सिक्सच्या, म्हणजे सहावीच्या परीक्षेच्या आधी, त्याला बक्षीस मिळालं. बारा वर्षांखालच्या स्पर्धेतला उत्कृष्ट पिचर.

अंतिम सामन्यातला शेवटचा चेंडू मला आजही स्वच्छ दिसतो. तिन्ही तळांवर, म्हणजे बेसवर, समोरच्या संघाची मुलं धावायला उभी होती. एक फटका बसला असता तर सामना गेला असता. कॅचरने वेगवान चेंडूची खूण केली. माझ्या मुलाने मान हलवली, नाही. पुन्हा तीच खूण, पुन्हा नाही. मित्र चिडून उभाच राहिला, सगळं मैदान हसलं. मग माझ्या मुलाने सगळा जोर लावल्याचा आव आणून हळू चेंडू टाकला. बॅट आधी फिरली, चेंडू मागून निवांत आला. मी रविवारी गवतावर त्याला सांगितलं होतं, आमच्या काळी सगळ्यात जास्त विकेट अशाच चेंडूवर मिळायच्या. टाळ्यांमध्ये तो मला शोधत होता. सापडल्यावर त्याने फक्त भुवया उडवल्या.

त्या दिवशी कोचने मला बाजूला घेतलं. साठीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. दोन्ही मुलांना बेसबॉलवर एका चांगल्या सेकंडरी शाळेत प्रवेश मिळवून देतो म्हणाला, आणि पुढे म्हणाला, "हा मुलगा एक दिवस देशाकडून खेळेल. पण त्यासाठी नागरिक व्हावं लागेल. तुमचा विचार काय आहे?"

"बघू," मी म्हणालो.

तेव्हा पुण्यातल्या शाळेशी माझं बोलणं होऊन गेलं होतं.

इथल्या मराठी घरांत मुलगा दहा-अकराचा झाला की एक विषय सुरू होतो. आम्ही नोकरीच्या पासवर आलो, मग पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना घेतला. बायको-मुलालाही मिळाला. पण आई-वडिलांबरोबर पीआर मिळालेल्या मुलाला अठराव्या वर्षी इथल्या मुलांसारखीच दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात. पीआर घेताना हे सांगितलेलं असतं, त्यावर माझी सही होती. तेव्हा मुलगा रांगत होता. अठरावं वर्ष कोणी पाहिलंय, असं वाटलं होतं.

त्या वर्षी गणपतीत एका मित्राकडे आरतीनंतर आम्ही चार-पाच बाप्ये हातात प्रसादाच्या वाट्या घेऊन बाल्कनीत उभे होतो.

"तुझ्या मुलाला कितवं लागलं?" एकाने विचारलं. तोही बँकेतलाच, माझ्याहून मोठा.

"बारावं चालू आहे."

"मग वाट कसली बघतोयस? तेरावं लागायच्या आत हलव. नंतर त्याला देशाबाहेर न्यायला नुसत्या परवानग्या काढत बसशील."

"त्याचा खेळ चाललाय चांगला."

"खेळ?" तो हसला. "अरे, तुझ्या भावाची पोरं अमेरिकेत डॉलर कमवायला लागतील तेव्हा हा पाठीवर रायफल घेऊन चिखलात रांगत असेल. मग टाक म्हणावं बेसबॉल."

सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या एकाने हळूच म्हटलं, "पण पीआर सोडला तर पुढे परत यायला त्रास होतो म्हणे."

"परत कशाला यायचंय? जग काय एवढंसंच आहे?"

ते वाक्य मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की मला कल्पना नव्हती.

भीती कशाची होती, हे मी आता विचारतो. रायफलची नव्हती. इथली सगळी मुलं जातात, काळी होऊन आणि जरा शहाणी होऊन परत येतात. लिफ्टमध्ये रोज दिसायची. मला हिशेब दिसत होता. दोन वर्षं उशिरा पदवी, दोन वर्षं उशिरा नोकरी, आणि पुण्यात भावाच्या घरी जेवताना येणारा तो प्रश्न, "तुमचा अजून शिकतोय का?" एवढ्यासाठी.

मुलाला एकदाच विचारलं, तेही विचारल्यासारखं न करता. "समज, सैन्यात जावं लागलं तर?"

"ऑल द बॉईज गो, व्हॉट," तो भात कालवत म्हणाला. "वी ऑलरेडी प्लॅन. फर्स्ट आर्मी, देन नॅशनल टीम. टुगेदर." मग मराठीत, आईसाठी, "आई, तू रडणार ना तेव्हा? खालची आंटी रडणार आहे. तिने आत्ताच सांगितलंय."

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी पुण्याला जायचो. त्या वर्षीही निघालो. बायको म्हणाली, "त्याला सांगून नेऊ. मी येते त्याच्याबरोबर, राहते तिथे, सगळं करते. पण सांग त्याला."

"सांगितलं तर येणार नाही."

"मग नाही आला तर नाही आला!"

मी ऐकलं नाही. निघायच्या सकाळी तो मित्राला भेटायला खाली जाऊन आला आणि आल्यावर म्हणाला, जानेवारीत नव्या शाळेच्या संघाची निवड आहे, परतीचं तिकीट दोन दिवस आधीचं करता येईल का. मी म्हणालो, बघतो.

पुण्यात पोचल्यावर पाच-सहा दिवसांनी, न्याहारीला सांगितलं. नवीन शाळा, नवीन घर, आई इथेच राहणार, बाबा येत-जात राहणार. तो पोहे खात होता. त्याने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "कोचला माहीत आहे?"

"सांगेन मी."

"मग जानेवारीत कोण टाकणार?"

मला वाटलं होतं तो रडेल, आरडाओरडा करेल. मी त्याची तयारी करून बसलो होतो. त्याने फोन मागितला. गॅलरीत जाऊन तो मित्राशी बोलला, आणि मला आतून ऐकू येत होतं. "आय कम लेट, ओके? मे बी फेब्रुवारी. यू टेल कोच." माझं ऐकून घेतल्यावरही तो असं सांगत होता. बाबांचं मन वळेल, थोडा उशीर होईल, एवढंच त्याला वाटलं असावं.

मी एकटा परतलो आणि त्याचा पीआर परत केला. काम अगदी सहज झालं. त्या काँडोत मी अजून वर्षभर राहिलो. त्याचा मित्र लिफ्टमध्ये भेटायचा, खांद्यावर ती मोठी बॅग.

"अंकल, व्हेन इज ही कमिंग बॅक?"

"सून," मी म्हणायचो.

किती वेळा म्हणालो असेन. नंतर त्याने विचारणं बंद केलं. मग मान लवून "अंकल" एवढंच म्हणायचा आणि मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभा राहायचा.

पुण्यातल्या शाळेत त्याला क्रिकेटच्या नेटमध्ये घातलं. बायको फोनवर सांगायची. तो चेंडू टाकायचा तो कोपर वाकवूनच. हात त्याच सवयीचा झालेला. सर ओरडायचे, "फेकतोयस तू, हात सरळ ठेव." मुलं चिडवायची. शहरात बेसबॉल खेळणारी मुलं आहेत असं मला कोणीतरी सांगितलं. मी मोठ्या उत्साहाने पत्ता काढून मुलाला फोन केला. तो म्हणाला, "नको." मी म्हटलं, "एकदा जाऊन तर बघ." तो म्हणाला, "बाबा, मी खेळलो तर तुला वाटेल की झालं सगळं ठीक." तेरा वर्षांचा होता. त्यानंतर त्याने माझ्यासमोर कधी चेंडू हातात धरला नाही. आणि हळूहळू तो माझ्याशी फक्त मराठीत बोलायला लागला, स्वच्छ, पुणेरी, पाहुण्याशी बोलावं तसं.

इंजिनिअर झाला. वेळेवर झाला, एकही वर्ष वाया न घालवता. मग मला न सांगता त्याने इथल्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला आणि त्याला प्रवेश मिळाला. मित्राने त्याच्यासाठी खोलीसुद्धा बघून ठेवली होती. विद्यार्थ्याचा पास मात्र मिळाला नाही. त्याने पुन्हा अर्ज केला, पुन्हा नाही. कारण कोणी दिलं नाही, द्यायची गरजही नव्हती. नियम मी मोडला नव्हता, पण इथलं सगळं घेतलं आणि परतफेडीची वेळ आली तेव्हा मुलाला उचलून नेलं होतं. दुसऱ्यांदा नकार आला त्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"बाबा, असं होऊ शकतं हे तुला तेव्हा माहीत होतं?"

मी 'नाही' म्हणू शकलो असतो.

"हो," मी म्हणालो.

 तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. त्याला सव्वा वर्ष झालं. त्यानंतर आमचं जे काही बोलणं होतं ते त्याच्या आईमार्फत.

गेल्या महिन्यात तो इथे आला. पर्यटक म्हणून यायला मनाई नव्हती. मित्र आता देशाच्या संघाचा कॅचर आहे आणि त्यांचे सामने इथेच होते. तो मित्राकडेच उतरला. मला बायकोकडून कळलं आणि तिनेच सांगितलं, "जा. पण नुसता बघून ये."

मी गेलो. लोखंडी पायऱ्यांवर तो चौथ्या रांगेत बसला होता, मी बऱ्याच मागे. सामन्याआधी राष्ट्रगीत लागलं. तो उठून उभा राहिला आणि म्हणू लागला, अख्खं, न अडखळता. सहा वर्षं रोज सकाळी शाळेत म्हटलेलं. त्याच्या शेजारच्या परदेशी जोडप्याने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. मग सामना सुरू झाला आणि मला दिसलं की मित्राने खूण केली की याची मान हलते. हो. नाही. हो. पूर्ण सामनाभर हलत होती. मैदानावर टाकत होता तो दुसराच कोणी.

संघ हरला. लोक पांगल्यावर तो कुंपणापाशी गेला. म्हातारे कोच आले होते, त्यांच्याबरोबर क्लबची दहा-बारा वर्षांची मुलं. मीही खाली उतरलो. नुसता बघून यायला सांगितलं होतं तरी उतरलो. मुलाने मला पाहिलं, "आलास," म्हणाला, आणि मित्राने नेहमीसारखी मान लवून "अंकल" म्हटलं.

कोच मुलांना सांगत होते, हा तुमच्याएवढा असताना आमचा सगळ्यात चांगला पिचर होता, बक्षीस मिळालेला. मुलं त्याच्या उजव्या हाताकडे बघायला लागली.

"देन व्हाय यू स्टॉप?" एकाने विचारलं.

"एल्बो," माझा मुलगा म्हणाला. "इंजर्ड." आणि कोपर चोळून दाखवलं.

मुलांनी गंभीरपणे माना डोलावल्या. कोपर दुखावणं त्यांना कळत होतं, पिचरला त्यात कमीपणा नसतो. तेवढ्यावर संपलं असतं. पण मला राहवलं नाही. मी पुढे होऊन इंग्रजीत म्हणालो, "त्याच्या कोपराला काही झालं नव्हतं. मी त्याला इथून घेऊन गेलो. खोटं सांगून. चूक माझी आहे."

मुलांनी त्याच्याकडे पाहिलं. कोच जमिनीकडे बघायला लागले. मित्र हळूच त्या पोरांना चेंडू गोळा करायला घेऊन गेला.

"झालं?" माझा मुलगा मराठीत म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "बरं वाटलं तुला?"

"खरं तेच सांगितलं मी."

"तुझं खरं सांगून होतं, बाबा, आणि मग सगळे माझ्याकडे असे बघतात. त्यांना मी काय सांगू? आणि तू रडायला आलास की तुझी समजूत मी काढायची. दर वेळी. कोपर म्हटलं की लोक पुढे काही विचारत नाहीत. मला ते बरं पडतं."

 हे लिहितानाही मी तेच करतोय का, अशी शंका मला येते. म्हणून यात कोणाचं नाव नाही. त्याला कोणी ओळखू नये.

"जेवायला येतोस?" मी विचारलं. "आपल्या नेहमीच्या हॉकर सेंटरच्या टपरीवर. जवळच आहे."

त्याने मित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज नको. उद्या दुपारी निघतोय." आणि जरा थांबून म्हणाला, "एअरपोर्टवर येऊ नकोस. प्लीज. मला तिथे तुझ्याशी बोलायचं नाहीये. मला याच्याबरोबर जायचंय."

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली होती. आंघोळ करून कपडे घातले, बूटही घातले. टॅक्सी बोलावायला फोन हातात घेतला, आणि पलंगावर बसून राहिलो. विमानाची वेळ होऊन गेल्यावर बायकोचा फोन आला.

"पोचवायला गेला होतास?"

"नाही. येऊ नकोस म्हणाला."



"आणि या वेळी तू ऐकलंस?" ती म्हणाली.